खारं पाणी बुरशीच्या पेशीला नेमकं काय करतं: जुलै ते फेब्रुवारीची मोजणी

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, ट्रायकोडर्मा या रोगकारक बुरशींना रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपल्या पाण्यात थे बुरशी जगतच नाही, मिठानं मरते." हरभऱ्याच्या मर रोगासाठी आणलेलं पाकीट बोअरच्या पाण्यात कालवून ओतलं आणि शेतात फरक दिसला नाही, की दोष मिठावर जातो. दर्यापूर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आम्ही दोघांनी हे वाक्य मोजून पाहायचं ठरवलं. जुलैत निधीसाठी अर्ज केला, फेब्रुवारीच्या शेवटी हिशेब बंद झाला. मधल्या काळात काय केलं, किती थांबलो, कुठे पैसे वाया गेले आणि आकड्यांनी काय सांगितलं, ते क्रमानं लिहीत आहोत. आयन चॅनल म्हणजे पेशीच्या पटलातली भारित कणांची दारं; छोट्या गावातल्या प्रयोगशाळेत असा विषय हातात घ्यायची भीती वाटते. पहिले दोन महिने आम्हालाही वाटत होती.

जुलैचा पहिला पंधरवडा वाचनात गेला, आणि तो वाया गेला नाही. पुढे दिसलेल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ त्याच वाचनातून लागला, म्हणून तो भाग आधी.

बुरशीच्या पेशीपटलावर आयनांची ये-जा तीन रीतींनी होते. पहिली पंपाची. पीएमए१ नावाचं प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून प्रोटॉन (आम्लता आणणारे हायड्रोजनचे धन आयन) बाहेर फेकतं. ही मोट समजा: बैल थांबला की उपसा थांबला. या उपशामुळे पेशीच्या आत ऋण भार साठतो. न्यूरोस्पोरा या बुरशीचे तंतू काचेचं सूक्ष्म इलेक्ट्रोड आत घालता येईल इतके रुंद असतात, म्हणून क्लिफर्ड स्लेमन यांनी १९६० च्या दशकातच हा विद्युतदाब मोजला. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे २०० मिलिव्होल्टने ऋण निघाली. आपल्या मज्जापेशीत हा आकडा ७० च्या आसपास असतो. दुसरी रीत चॅनलची. चॅनल म्हणजे पाटावरचं दार. ते स्वतः काही उपसत नाही, उघडलं की आयन उताराकडे वाहतात. तिसरी वाहकांची, जे एका आयनाच्या उताराचा जोर वापरून दुसऱ्याला चढावर नेतात.

दार कशानं उघडतं, यात सगळी गंमत आहे. यीस्ट या एकपेशी बुरशीतलं टीओके१ हे पोटॅशियम चॅनल १९९५ मध्ये ओळखलं गेलं. ते विद्युतदाब आणि बाहेरचं पोटॅशियम या दोन्हींकडे पाहून उघडतं आणि पोटॅशियम बाहेर सोडतं. सीसीएच१ आणि मिड१ या जोडीतून कॅल्शियम आत येतं. बाहेरचा सामू (पीएच: कमी म्हणजे आम्ल, जास्त म्हणजे अल्क) एकाएकी वाढला तरी ही जोडी जागी होते. वायव्हीसी१ हे रसधानीच्या, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीच्या, पटलावर बसलेलं असतं. बाहेर मीठ वाढून पेशीतलं पाणी ओढलं गेलं की ते रसधानीतलं कॅल्शियम पेशीद्रवात सोडतं. पटलावर ताण पडल्यावर उघडणारं चॅनल यीस्टमध्ये १९८८ साली दाखवलं गेलं.

आता सोडियम. आत शिरलेलं सोडियम बाहेर काढायला यीस्टकडे दोन वाटा आहेत. एनएचए१ हा वाहक बाहेरचा प्रोटॉन आत घेतो आणि त्या जोरावर सोडियम बाहेर ढकलतो. म्हणजे बाहेर आम्लता असेल तरच तो चालतो. बाहेर अल्कता असेल तर पेशीला ईएनए१ हा एटीपीवर चालणारा पंप बनवावा लागतो, आणि तो बनवण्याचा एक निरोप कॅल्शियममार्फत, कॅल्सिन्युरिन या विकराकडून जातो. हे वाचताना आमच्या लक्षात आलं की "मीठ" आणि "अल्कता" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपल्या बोअरच्या पाण्यात ते एकत्र येतात. पुढची सगळी आखणी या एका वाक्यावर उभी राहिली.

एकेक चॅनलमधून वाहणारा प्रवाह पाहायला पॅच क्लॅम्प ही पद्धत लागते. एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांना १९९१ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. बुरशीसाठी ती आणखी अवघड, कारण आधी विकरांनी पेशीभित्तिका विरघळवून उघडी पेशी मोकळी करावी लागते आणि मग एक मायक्रोमीटर टोकाची काचनळी तिला घट्ट चिकटवावी लागते. कंपन न होणारं टेबल, सूक्ष्मदर्शक, ॲम्प्लिफायर धरून खर्च लाखांत जातो. आम्ही जे मोजलं ती पंप, चॅनल आणि वाहक या सगळ्यांची मिळून होणारी बेरीज आहे. पेशीबाहेरच्या पाण्याचा सामू आणि विद्युतवाहकता बदलते ती या बेरजेमुळे. "आम्ही चॅनल मोजलं" असं अहवालात कुठेही लिहू नये. परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतात.

१२ जुलैला २५,००० रुपयांचा प्रस्ताव दिला. मंजुरीपत्र २३ ऑगस्टला हातात आलं. रक्कम आधी खर्च करून नंतर परत मिळणार होती, आणि इथे आमची चूक झाली. ईसी (विद्युतवाहकता) मोजायचं पेन आम्ही उत्साहात जुलैतच घेतलं होतं, १,३५० रुपयांना. बिलावरची तारीख मंजुरीच्या आधीची, म्हणून ते बिल बाद झालं. मंजुरीपत्रावरची तारीख पाहिल्याशिवाय एक रुपयाही खर्चू नका. सामूमापकासाठी तीन दरपत्रकं लागली. एकावर जीएसटी क्रमांक नव्हता, खरेदी समितीनं संच परत पाठवला आणि १९ दिवस गेले. दरपत्रक मागतानाच जीएसटी क्रमांक, दराची मुदत आणि माल पोचवायचा खर्च हे तिन्ही लिहून मागा. यंत्र आलं की डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करून त्या पानाची प्रत लगेच काढून ठेवा, शेवटी ती शोधायला दोन दिवस जातात. टेबलावरचा सामूमापक इलेक्ट्रोडसह करासकट ११,५६४ रुपयांना पडला आणि १४ ऑक्टोबरला पोचला.

वाट पाहण्याचे ते दिवस साहित्य जमवण्यात घातले, आणि किराणा दुकानातून काय चालतं व काय चालत नाही ते तेव्हाच कळलं. बेकरीचं कोरडं यीस्ट चालतं. ५०० ग्रॅमचं पाकीट २४० रुपयांना मिळालं. औषधाच्या दुकानातली शक्तिवर्धक ग्लुकोज पावडर चालत नाही, कारण तिच्यात बहुधा कॅल्शियम फॉस्फेट मिसळलेलं असतं आणि फॉस्फेट प्रोटॉन गिळतं, सामू हलतच नाही. प्रयोगशाळेचं साधं डेक्स्ट्रोज घ्या. खताचं म्युरेट ऑफ पोटॅशही नको, त्यातला लालसर गाळ आणि सोडियम दोन्ही त्रास देतात. आयोडीनयुक्त मिठातली गुठळी न होऊ देणारी पूड अल्कधर्मी असू शकते, म्हणून सोडियम क्लोराइडही प्रयोगशाळेचंच. बॅटरीच्या दुकानातलं पाणी २५ रुपये लिटर होतं. ते चालतं, पण प्रत्येक कॅन ईसी पेननं तपासा. आमच्याकडच्या चार कॅनपैकी एका कॅनमधलं पाणी १४० मायक्रोसायमन दाखवत होतं, म्हणजे ते नुसतं गाळलेलं होतं. १० च्या आतलं घ्या.

पहिली खरी मोजणी ४ नोव्हेंबरला झाली. तिची कृती सविस्तर देतो, कारण ही एक जमली की बाकीची जमतात.

कोरडं यीस्ट ५ ग्रॅम, ऊर्ध्वपातित पाणी ५० मिली, तापमान ३८ अंश. पूड पाण्यावर पसरायची, पाच मिनिटं न ढवळता ठेवायची, मग हलक्या हातानं मिसळून आणखी दहा मिनिटं. पाणी थंड असेल तर काम बिघडतं. वाळलेल्या पेशीचं पटल गोठल्यासारखं असतं आणि गार पाण्यात ते पूर्ववत व्हायच्या आधीच पेशीतलं पोटॅशियम गळून जातं. डिसेंबरच्या एका सकाळी नळाइतक्या गार, १७ अंशांच्या पाण्यात मुद्दाम हेच केलं, तर ईसी ३८ अंशांच्या नमुन्याच्या तिपटीहून जास्त आली. हे गळणं चॅनलचं काम समजून आम्ही एक पूर्ण आठवडा चुकीच्या दिशेनं गेलो होतो. वर येणारा पांढुरका साय-थर यीस्टला लावलेल्या पायसीकारकाचा असतो, तो टाकून द्या.

मग दोनदा धुणं. सेंट्रिफ्यूज असेल तर ३,००० फेऱ्यांवर पाच मिनिटं, नसेल तर उंच बाटलीत फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, यीस्ट तळाला बसतं. धुतलेलं यीस्ट २०० मिली पाण्यात घेऊन मत्स्यालयाच्या पंपानं दोन तास हवा द्यायची. हा उपास आवश्यक आहे. पेशीत ट्रेहॅलोज ही साखर साठलेली असते, ती खर्च झाल्याशिवाय बाहेरून दिलेल्या ग्लुकोजचा परिणाम ठळक दिसत नाही.

यातलं १०० मिली बीकरमध्ये, सामूमापकाचं इलेक्ट्रोड आत, सतत ढवळणं सुरू. सामू ६.१ वर स्थिरावला. ४० टक्के डेक्स्ट्रोजचं द्रावण ५ मिली टाकलं आणि दर ३० सेकंदांनी आकडा लिहायला घेतला. पहिलं दीड मिनिट काहीच नाही. मग आकडा घसरायला लागला आणि दहाव्या मिनिटाला ४.३ वर आला. अडीच महिन्यांच्या वाटेनंतर तो उतरता आकडा पाहून जे वाटलं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. प्रत्येक पेशीतली मोट चालू झालेली डोळ्यांसमोर दिसत होती.

त्यानंतर दोन मोलर (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) पोटॅशियम क्लोराइड २.५ मिली टाकलं, म्हणजे बीकरमध्ये साधारण ५० मिलिमोलर. सामू दुसऱ्यांदा घसरला, ३.६ पर्यंत. याचं कारण समजून घ्या. पंप धन भार बाहेर फेकत राहतो तशी पेशी आतून अधिकाधिक ऋण होते आणि तो ऋण दाबच पंपाला मागे ओढतो. पोटॅशियम ट्रक१ आणि ट्रक२ या वाटांनी आत आलं की भाराची भरपाई होते आणि पंप पुन्हा मोकळा होतो. सोडियम क्लोराइड त्याच प्रमाणात टाकलं तर घसरण पुष्कळ कमी. पेशी या दोन आयनांत फरक करते, हे साध्या सामूमापकावर दिसतं.

मात्र या दुसऱ्या घसरणीवर लगेच विश्वास ठेवू नका. उकळून मारलेलं यीस्ट घेऊन तेच क्षार टाकलं तर तिथेही सामू थोडा उतरतो. भित्तिकेला चिकटलेले प्रोटॉन क्षारातले धन आयन सोडवतात, शिवाय क्षार वाढला की इलेक्ट्रोडचं वाचनही जरा सरकतं. आमच्याकडे ही खोटी घसरण ०.२ एवढी होती. ती वजा करूनच जिवंत यीस्टचा आकडा लिहा. दुसरं, यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्याचंही आम्ल होतं. म्हणून ढवळणं आणि हवा कधी थांबवू नका. तिसरं, ग्लुकोजऐवजी सॉर्बिटॉल, म्हणजे यीस्टला सहसा इंधन म्हणून न चालणारा गोड पदार्थ, टाकून एक बीकर चालवा. तिथे सामू जागचा हलला नाही तर तुमची पहिली घसरण खरी.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ईसीची बाजू घेतली. पेशीतलं पोटॅशियम बाहेर आलं की पाण्याची ईसी वाढते. सामूमापकाचं इलेक्ट्रोड आणि ईसी पेन एकाच बीकरमध्ये ठेवू नका. इलेक्ट्रोडमधून पोटॅशियम क्लोराइड झिरपत असतं आणि पेन तेच मोजत बसतं. दोन बीकर वेगळे ठेवा. उकळलेल्या यीस्टची ईसी म्हणजे १०० टक्के गळती, त्या मापानं बाकीचे आकडे टक्क्यांत लिहा.

गळती नक्की घडवणारा एक नमुना जवळ हवा, म्हणजे पद्धत चालते हे सिद्ध होतं. त्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानातलं ओव्याचं फूल, म्हणजे थायमॉल, वापरलं. थायमॉल आणि त्याचा जोडीदार कार्व्हाक्रोल यीस्टच्या पेशीत कॅल्शियमची लाट उठवतात आणि आयनांचा तोल बिघडवतात. १.५ ग्रॅम थायमॉल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवलं, त्यातलं ०.१ मिली १०० मिलीला. इथेनॉलच्या मागे लागलो नाही, त्याला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि एवढ्याशा कामासाठी ती फाइल कोणी चालवत नाही. नुसतं अल्कोहोल ०.१ मिली टाकलेला बीकर शेजारी हवाच. तिथे ईसी हलली नाही. ओव्याच्या बीकरमध्ये वीस मिनिटांत निम्म्याहून जास्त पोटॅशियम बाहेर आलं होतं.

आता पाण्याकडे. २ डिसेंबरला एका बोअरचं पाणी घेतलं. पंप दहा मिनिटं चालू ठेवून मग नमुना, बाटली काठोकाठ भरून बूच, आणि त्याच दिवशी मोजणी. बाटलीत हवा राहिली तर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू वर सरकतो. ईसी ३.१ डेसिसायमन, सामू ८.४. बायकार्बोनेट मोजायला ५० मिली पाणी, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब आणि ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. रंग बदलायला २२.५ मिली लागलं, म्हणजे लिटरला ९ मिलिइक्विव्हॅलंट.

हे आकडे शेजारी मांडा. एक डेसिसायमन म्हणजे ढोबळमानानं १० मिलिमोलर मीठ. आपलं बोअरचं पाणी सगळे क्षार धरून ३० मिलिमोलरच्या घरात. यीस्टच्या बीकरमध्ये आम्ही त्याहून जास्त मीठ टाकलं होतं आणि पंप आरामात चालला होता. पण त्याच यीस्टला बोअरच्या पाण्यात ग्लुकोज दिलं तर वीस मिनिटांत सामू जेमतेम ०.५ नं उतरला. पेशी प्रोटॉन टाकत होती आणि बायकार्बोनेट ते गिळत होतं. ज्या आम्लतेच्या जोरावर पेशी पोषण आत ओढते आणि सोडियम बाहेर ढकलते, ती आम्लता तिच्या भोवती साठूच शकत नव्हती.

यीस्टवरून ट्रायकोडर्माबद्दल निष्कर्ष काढणं योग्य नव्हतं, म्हणून जानेवारी प्लेटांना, म्हणजे अगरच्या बशांत बुरशी वाढवून पाहायला, दिला. पाकिटावर "१ टक्का डब्ल्यू.पी." (पाण्यात मिसळायची भुकटी) आणि ग्रॅमला किमान २० लाख जिवंत घटक असं लिहिलेलं असतं. १ ग्रॅम १०० मिली निर्जंतुक पाण्यात, मग दोनदा दहापट विरळ करून ०.१ मिली प्लेटवर पसरलं तर सुमारे २० वसाहती यायला हव्यात. पहिल्या पाकिटाच्या तीन प्लेटांवर मिळून तीन वसाहती आल्या. पाकीट मुदतीतलं होतं, पण उन्हाळाभर पत्र्याच्या दुकानात राहिलेलं. दुसऱ्या दुकानातल्या पाकिटाच्या प्लेटांवर १७ ते २२ आल्या. ज्या शेतकऱ्याच्या हाती पहिलं पाकीट पडलं असेल, त्यानं पाण्याला दोष दिला तर त्याचं काय चुकलं? पाकीट घेताना दुकानदाराला ते कुठे ठेवलं होतं हे नक्की विचारा.

माध्यम नेहमीचंच: लिटरला २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १८ ग्रॅम अगर. घरचा कुकर निर्जंतुकीकरणाला पुरतो. दाब आल्यावर मंद आचेवर २० मिनिटं, आणि वाफ आपोआप उतरू द्या, शिट्टी उचलली तर माध्यम उतू जातं. सहा प्रकार केले, प्रत्येकी तीन प्लेटा: साधं, ३० मिलिमोलर मीठ, म्हणजे लिटरला १.७५ ग्रॅम, ३०० मिलिमोलर मीठ, सामू ८.२, सामू ८.२ अधिक ३० मिलिमोलर मीठ. आणि तेच अधिक ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड.

अल्कधर्मी माध्यम दोनदा फसलं. आधी बायकार्बोनेट घालून कुकरला लावलं. गरम होताना कार्बन डायऑक्साइड उडाला आणि सामू ९ च्या वर गेला. बायकार्बोनेट घालायचंच असेल तर ०.२२ मायक्रोमीटरच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून, माध्यम कोमट झाल्यावर घाला. मग फॉस्फेट वापरून पाहिलं, तर कॅल्शियम घातल्याबरोबर पांढरा गाळ. शेवटी ट्रिस, म्हणजे सामू धरून ठेवणारं रसायन, ५० मिलिमोलर. ट्रिसची एक खोड लक्षात ठेवा: तापमान एक अंश वाढलं की त्याचा सामू सुमारे ०.०३ नं उतरतो. ५० अंशांच्या गरम माध्यमात ८.२ साधला तर २८ अंशांच्या प्लेटमध्ये तो ८.८ होतो. म्हणून अगर घालण्याआधी, थंड असतानाच सामू ठरवा. ट्रिसचा स्वतःचा काही त्रास नाही ना, हे पाहायला तेच ट्रिस आम्लानं ६.५ ला आणून एक जादा संच केला. त्यात वाढ साध्या प्लेटपेक्षा थोडीच कमी होती. रंगदर्शक म्हणून ब्रोमोथायमॉल ब्लू चालतो: ६ च्या खाली पिवळा, ७.६ च्या वर निळा. एका विद्यार्थ्यानं हळद सुचवली होती. रंग बदलतो खरा, पण हळदीतलं कर्क्युमिन बुरशीलाच रोखतं.

वाढत्या वसाहतीच्या कडेचा ५ मिमी तुकडा मधोमध ठेवला. जानेवारीच्या थंडीत खोली १८ अंशांवर होती, म्हणून थर्माकोलच्या पेटीत १५ वॅटचा बल्ब आणि तापमापी. वीज गेली तरी पेटी दोन तास तग धरते. त्याहून लांबलेल्या खंडितीत एक पूर्ण संच वाया गेला, तो ११ जानेवारीला पुन्हा लावला.

४८ तासांचे व्यास, तीन प्लेटांची सरासरी: साधं ५६ मिमी, ३० मिलिमोलर मीठ ५५, ३०० मिलिमोलर मीठ ३८, सामू ८.२ वर २६, त्यात ३० मिलिमोलर मीठ २३, आणि त्यात कॅल्शियम २७. बोअरच्या पाण्याइतकं मीठ आम्लधर्मी माध्यमात या बुरशीला जाणवतच नाही. अल्कतेत वाढ निम्म्याच्या खाली जाते. कॅल्शियमनं चार मिलिमीटर मिळाले, पण त्यावर आम्ही भार देत नाही. तीन प्लेटांतल्या आपापसातल्या फरकाहून तो फारसा मोठा नाही. सीसीएच१ आणि कॅल्सिन्युरिनच्या वाटेनं तो आला असेल, असं म्हणायला चॅनल बिघडवलेला वाण लागेल. शेतातल्या जिप्समबद्दल तर आणखी सांभाळून बोलावं लागतं, कारण जिप्सममधलं कॅल्शियम पाण्यातल्या कार्बोनेटला खाली बसवतं आणि सामूही उतरवतं. बुरशीला फायदा झाला तर तो यातल्या कशामुळे, हे प्लेट सांगू शकत नाही.

चौथ्या दिवशी अल्कधर्मी प्लेटांत एक सुंदर गोष्ट दिसली. निळ्या माध्यमात वसाहतीभोवती हिरवट-पिवळं कडं धरलं होतं, आणि कडं जिथे रुंद झालं तिथे बुरशीनं पुढे वेग घेतला होता. ती स्वतःची आम्लता स्वतः तयार करत होती, तेवढ्यापुरता तिला वेळ लागत होता.

एक शंका उरली होती: पाण्यात बीजाणू मरतात का? दुसऱ्या पाकिटातलं १ ग्रॅम बोअरच्या १०० मिली पाण्यात कालवून लगेच आणि २४ तासांनी साध्या प्लेटवर मोजलं. १९ आणि १८. मरत नाहीत. पण त्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर अंकुर फुटलेले बीजाणू फार थोडे, आणि साध्या पाण्यात डेक्स्ट्रोज व बटाट्याचा काढा दिलेल्या थेंबात बहुतेक सगळे फुटलेले. त्याच प्रमाणात काढा बोअरच्या पाण्यात दिला तरी अंकुर उशिरानं आले. बीजाणू निजून राहतो, योग्य जागा मिळाली की उठतो.

म्हणून आता विचारायला येणाऱ्यांना आम्ही हे सांगतो. शक्य असेल तर पाकीट पाण्यात कालवण्याऐवजी १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात १ किलो मिसळा, ओल ठेवून, सावलीत, गोणपाटानं झाकून आठ-दहा दिवस ठेवा आणि मग शेतात टाका. पाण्यातूनच द्यायचं असेल तर आधी पाण्याचा सामू उतरवा. ९ मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेटच्या पाण्याला १५ लिटरच्या फवारणी पंपामागे साधारण ५ ते ६ ग्रॅम लिंबूसत्त्व लागतं. अर्धं आधी टाका, बुडबुडे थांबेपर्यंत पंधरा मिनिटं थांबा, सामू पाहा, मग उरलेलं. साडेसहा ते सात पुरे, त्याखाली नेऊ नका. पाकीट त्यानंतर मिसळा आणि तयार पाणी त्याच दिवशी संपवा, कारण उघड्या टाकीत सामू पुन्हा वर चढतो.

हिशेब: एकूण २१,५१४ रुपये, त्यातले १,३५० आमचे, बाकी २०,१६४ चं उपयोगिता प्रमाणपत्र २६ फेब्रुवारीला दिलं. सोबत मूळ बिलं, डेडस्टॉकच्या पानाची प्रत आणि वाचनांची वही जोडली. वहीची छायाप्रत काढून ठेवली, कारण मूळ वही फाइलमध्ये गेली की परत मिळायला वेळ लागतो. सामूमापकाचं इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये बुडवून ठेवलं आहे, ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवलं तर ते खराब होतं. एप्रिलमध्ये भातकुली आणि बाळापूर भागातल्या पाण्याचे नमुने घ्यायचे आहेत. आमचे आकडे एकाच बोअरचे आहेत, आणि बायकार्बोनेट दर बोअरला वेगळं निघतं.